कातिन : १९४० की १९४१, या एका सालावरून चाललेलं भांडण

७ मे २०२० ला रशियातल्या त्वेर शहरात मेडिकल युनिव्हर्सिटीच्या भिंतीवरून दोन पाट्या काढल्या. एक १९४० मध्ये तिथे मारल्या गेलेल्या पोलिश कैद्यांची होती (तिथल्या आणि इतर ठिकाणच्या या हत्यांना मिळून कातिन हत्याकांड म्हणतात), दुसरी त्याच जागी मारल्या गेलेल्या सोव्हिएत नागरिकांची. सरकारी वकिलांचं म्हणणं असं की पाट्यांवर जे लिहिलंय त्याला कागदोपत्री आधार नाही. बातमी आली आणि दोन दिवसांत विसरलीही गेली, आपल्याकडे तर तेव्हा लॉकडाऊन होता, कोणाचं लक्षच नव्हतं. पण त्या भिंतीच्या मागे काय घडलं, ते शोधायला किती लोकांनी आयुष्यं घातली आणि आधार नाही हे वाक्य आधी किती वेळा बोललं गेलंय हे माहीत असेल तर त्या दोन पाट्या काढणं ही लहान गोष्ट वाटत नाही.

तर मुळापासून सांगतो. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनी पोलंडमध्ये पश्चिमेकडून घुसला, १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून. हे दोघांचं आधीच ठरलेलं होतं, २३ ऑगस्टच्या कराराला गुप्त पुरवणी होती त्यात. सोव्हिएतांच्या हाती दोन लाखांवर पोलिश सैनिक लागले. त्यातले साधे शिपाई बरेचसे सोडले किंवा मजुरीला लावले, पण अधिकारी, पोलीस, सीमेवरचे रक्षक असे जवळपास १५ हजार जण बाजूला काढून तीन छावण्यांत ठेवले, कोझेल्स्क, स्तारोबेल्स्क आणि ओस्ताश्कोव्ह. अधिकारी म्हटलं की आपल्याला पेशाने लष्करी माणूस डोळ्यासमोर येतो, पण यात मोठा भाग राखीव दलातल्यांचा होता, म्हणजे एरवी डॉक्टर, शिक्षक, वकील, इंजिनियर, प्राध्यापक, लढाई लागली म्हणून गणवेश चढवलेले. देशाची शिकलेली पिढीच म्हणा ना.

५ मार्च १९४० ला गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याने स्टालिनला टिपण दिलं की ही माणसं सोव्हिएत सत्तेची कट्टर शत्रू आहेत, सुधारणार नाहीत, तेव्हा छावण्यांतले १४,७०० आणि तुरुंगांतले ११,००० यांना खटला न चालवता, आरोपपत्र न दाखवता गोळ्या घाला. त्या टिपणावर स्टालिन, व्होरोशिलोव्ह, मोलोतोव्ह, मिकोयान यांच्या सह्या आहेत, कालिनिन आणि कागानोविच यांची संमती बाजूला लिहिलेली आहे. एप्रिल आणि मे मध्ये काम उरकलं. कोझेल्स्कचे कैदी स्मोलेन्स्कजवळच्या कातिनच्या जंगलात, स्तारोबेल्स्कचे खार्किव्हमध्ये, ओस्ताश्कोव्हचे त्वेरमध्ये (तेव्हा कालिनिन म्हणायचे), आणि बाकीचे युक्रेन, बेलारूसच्या तुरुंगांत.

त्वेरची ती इमारत तेव्हा गुप्त पोलिसांचं ऑफिस होती. तिथे काय चालायचं हे आपल्याला कळतं ते तिथल्याच प्रमुखाकडून. दिमित्री तोकारेव्ह नाव, १९९१ मध्ये सरकारी वकिलांनी जबाब घेतला तेव्हा नव्वदीला टेकलेला. त्याने सांगितलं की एकेकाला आणायचे, नाव आणि जन्मसाल विचारून खात्री करायचे, हातात बेड्या घालायचे आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दार जाड करून घेतलेल्या खोलीत नेऊन मागून डोक्यात गोळी घालायचे. पहिल्या रात्री ३०० आणले, उजाडलं तरी संपेना, म्हणून नंतर रात्रीला २५० वर आणलं. मॉस्कोहून आलेला गोळ्या घालणाऱ्यांचा प्रमुख ब्लोखिन कातड्याची टोपी, लांब कातडी एप्रन आणि कोपरापर्यंतचे मोजे घालून उभा राहायचा. आणि तोकारेव्हला एक पोरगा आठवत होता, वय विचारलं तर १८ म्हणाला, सीमा रक्षक दलात सहा महिने झालेले, टेलिफोनवर बसायचा. आदेश राबवणाऱ्या माणसाच्याच तोंडून आलेला हा जबाब असताना आधार नाही कसं म्हणवतं, मला खरंच कळत नाही.

कातिनच्या बाजूचा एक साक्षीदार चमत्काराने वाचला. स्तानिस्वाव्ह स्वियानेविच हा अर्थशास्त्राचा प्राध्यापक कोझेल्स्कहून निघालेल्या रेल्वेत होता. कातिनजवळच्या ग्नेझ्दोवो स्टेशनला त्याला एकट्याला वेगळं काढलं, चौकशीसाठी मॉस्कोला न्यायचं होतं म्हणून. रिकाम्या डब्यात कोंडलं तेव्हा वरच्या फटीतून त्याला दिसलं की खिडक्या रंगवून बंद केलेली एक बस मागे मागे येऊन डब्याला चिकटते, तीस एक माणसं त्यात चढवतात, बस झाडीत जाते आणि अर्ध्या तासाच्या आसपास रिकामी परत येते. एवढ्या जवळ कुठे नेत असतील हे त्याला तेव्हा कळेना. मेजर आदाम सोल्स्की मात्र त्याच जंगलात पोचला आणि त्याची डायरी पुढे त्याच्या प्रेतावर मिळाली. शेवटची नोंद ९ एप्रिल १९४० ची आहे, की कैद्यांच्या गाडीतून जंगलात आणलंय, उन्हाळ्यात लोक राहायला येतात तशी जागा दिसते, कसून झडती घेतली, घड्याळ काढून घेतलं, लग्नाची अंगठी विचारली, पट्टा आणि चाकू घेतला. पुढे काही नाही.

इकडे घरी येणारी पत्रं बंद झाली. आणि घरच्यांनाही सोडलं नाही, कैद्यांच्या नोंदींतून पत्ते काढून १३ एप्रिल १९४० च्या रात्री बायकापोरांना उचललं आणि साधारण ६० हजार लोक कझाकस्तानात नेऊन टाकले. जर्मनीने १९४१ मध्ये रशियावर हल्ला केल्यावर सोव्हिएत आणि पोलिश सरकारांत समझोता झाला, पोलिश लोकांना बाहेर पडता आलं, इराणमार्गे ते जगभर पांगले आणि त्यातलेच जवळपास ५ हजार, मुख्यतः बायका आणि मुलं, १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवडे इथल्या छावणीत पाच वर्षं राहिले. कोल्हापूरकरांना हा इतिहास ठाऊक असतो, महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. पण एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते, की वळिवड्यातल्या काही मुलांचे वडील या तीन छावण्यांतले होते, आणि ती मुलं पंचगंगेच्या काठी शाळा शिकत होती तेव्हाच त्यांचे बाप कुठे आहेत त्याचा उलगडा होत होता.

त्याआधी शोध सुरू झालाच होता. जनरल अँडर्स यांनी नवीन पोलिश फौज उभी करायला घेतली तर अधिकारीच सापडेनात. युझेफ चाप्स्की हा चित्रकार, स्वतः स्तारोबेल्स्कमधून वाचलेल्या मोजक्या लोकांपैकी (तिन्ही छावण्यांतून ३९५ वाचले), त्याच्यावर शोधाचं काम सोपवलं. तो नावांच्या याद्या करत ऑफिसामागून ऑफिसं फिरला. ३ डिसेंबर १९४१ ला क्रेमलिनमध्ये थेट स्टालिनला विचारलं गेलं तर उत्तर मिळालं, पळून गेले असतील, मांचुरियाला वगैरे.

१३ एप्रिल १९४३ ला बर्लिन रेडिओने जाहीर केलं की कातिनमध्ये पोलिश अधिकाऱ्यांची प्रेतं सापडलीत आणि हे काम बोल्शेविकांचं आहे. सांगणारा नाझींचा प्रचारमंत्री गोबेल्स, जो स्वतः लाखोंच्या कत्तलीत बुडालेला, त्यामुळे अर्ध्या जगाला ते खोटंच वाटलं. नाझींनी या पुराव्याचा प्रचारासाठी वापर केला हे खरं, पण म्हणून पुरावा खोटा ठरत नाही. पोलिश रेड क्रॉसच्या लोकांनी ४ हजारांवर प्रेतं तपासली, आणि खिशांतली पत्रं, वर्तमानपत्रं, डायऱ्या सगळ्या १९४० च्या वसंताच्या सुमाराला थांबत होत्या. अंगावर थंडीचे जाड कोट. खड्ड्यांवर लावलेली पाइनची रोपं काही वर्षांची झालेली. एकच गोष्ट घोळ घालणारी होती, गोळ्या जर्मन बनावटीच्या, पण तो माल जर्मनी युद्धाआधी बाहेर विकायचा, सोव्हिएत युनियनलासुद्धा.

लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या पोलिश सरकारने आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसकडे चौकशी मागितली तर स्टालिनने लगेच २५ एप्रिलला संबंध तोडले. स्मोलेन्स्क परत ताब्यात आल्यावर जानेवारी १९४४ मध्ये सोव्हिएतांनी डॉक्टर बुर्देन्को यांचा आयोग नेमला आणि त्याने निकाल दिला की हे सगळं जर्मनांनी १९४१ च्या शरद ऋतूत केलं. इथून सगळा वाद एका सालावर येऊन ठेपला. १९४० म्हटलं तर मारणारा स्टालिन, कारण तेव्हा स्मोलेन्स्क सोव्हिएतांकडे, १९४१ म्हटलं तर हिटलर. युद्धानंतर नाझींवर न्यूरेंबर्गमध्ये खटला चालला तेव्हा सोव्हिएत वकिलांनी हा आरोप जर्मनांवर लावला होता, पण निकालपत्रात त्याचा उल्लेखच नाही.

म्हणूनच स्मारकांवरून एवढी ओढाताण झाली. पोलंडमध्ये खरं साल बोलणंसुद्धा गुन्ह्यासारखं होतं. २१ मार्च १९८० ला क्राकोवच्या मुख्य चौकात वालेन्ती बादिलाक या निवृत्त बेकरीवाल्याने या मौनाच्या निषेधात स्वतःला पेटवून घेतलं. ३१ जुलै १९८१ ला वॉर्सॉच्या पोवोन्स्की स्मशानात लोकांनी दगडी क्रॉस उभारला, त्यावर कातिन आणि १९४०, त्याच रात्री तो गायब केला गेला. नंतर सरकारने स्वतःचा बसवला, त्यावर हिटलरच्या फॅसिझमचे बळी असं लिहून. लंडनमध्येही सुरळीत झालं नाही. आधी चेल्सीतल्या एका चर्चच्या आवारात जागा बघितली होती तिथे परवानगी मिळाली नाही, शेवटी १९७६ च्या सप्टेंबरात गनर्सबरी स्मशानात काळा स्तंभ उभा राहिला, सोव्हिएत दूतावासाने विरोध केला आणि ब्रिटिश सरकारचा अधिकृत प्रतिनिधी आला नाही. आक्षेप दगडाला नव्हता, दगडावरच्या १९४० ला होता.

पण घराघरांत, कपाटांत पुरावे जपले जात होते. क्राकोवच्या डॉ. रोबेल यांच्या प्रयोगशाळेत कातिनच्या प्रेतांजवळचे कागद वाफेने, हाताने सोडवून वाचले होते, मूळ पेट्या युद्धाच्या शेवटी जर्मनीकडे नेल्या आणि नष्ट झाल्या, मात्र नोंदींच्या प्रती कोणीतरी लपवल्या आणि १९९१ मध्ये क्राकोवमधल्या एका इमारतीच्या माळ्यावर सापडल्या. त्याहून मला हलवून सोडते ती यानिना लेवांदोव्स्काची गोष्ट. पायलट होती, कातिनमध्ये मारलेली एकमेव स्त्री, जन्म २२ एप्रिल १९०८ चा आणि मृत्यू २२ एप्रिल १९४० चा. एका जर्मन डॉक्टरने काही कवट्या संशोधनासाठी म्हणून नेल्या होत्या, त्या व्रोत्सवाफमध्ये प्रोफेसर पोपिएल्स्की यांच्या हाती लागल्या आणि त्यांनी त्या कम्युनिस्ट राजवटीत कित्येक दशकं गुपचूप सांभाळल्या. २००५ मध्ये त्यातली एक तिची असल्याचं ठरलं आणि लुसोवो गावात, घरच्यांच्या जवळ तिचं दफन झालं. तिच्या धाकट्या बहिणीला १९४० च्या जूनमध्ये जर्मनांनी वॉर्सॉजवळच्या पाल्मिरीत मारलं होतं. एका बापाच्या दोन मुली, दोन वेगवेगळ्या राजवटींनी, दोन महिन्यांच्या अंतराने.

सोव्हिएत युनियनच्या आतही काही इतिहासकार कामाला लागले होते. नतालिया लेबेदेवा यांनी कैद्यांची ने-आण करणाऱ्या दलाचे कागद अर्काइव्हमध्ये शोधून काढले, कोणत्या तारखेला कोण कुठे गेलं ते त्यात होतं. १३ एप्रिल १९९० ला गोर्बाचेव्ह यांच्या सरकारने कबूल केलं की हे बेरियाच्या माणसांनी केलं. मुख्य कागद, म्हणजे ५ मार्चचा निर्णय, रशियाचे राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांच्या दूताने १४ ऑक्टोबर १९९२ ला वॉर्सॉत आणून दिला. त्या कागदांतच तेव्हाचा केजीबी (गुप्त पोलीस) प्रमुख शेलेपिन याची १९५९ ची चिठ्ठी आहे, एकूण २१,८५७ मारले, कातिन ४,४२१, स्तारोबेल्स्क ३,८२०, ओस्ताश्कोव्ह ६,३११, बाकी तुरुंगांत ७,३०५, आणि आता या वैयक्तिक फायली जाळून टाकाव्यात अशी शिफारस. २००० मध्ये खार्किव्ह, कातिन आणि मेदनोये (त्वेरच्या मृतांची दफनभूमी) इथे पोलिश लष्करी स्मशानं उघडली, प्रत्येक माणसाची वेगळी पाटी, नाव, जन्म, हुद्दा, व्यवसाय, आणि जमिनीखाली बसवलेली घंटा.

नंतर वारं फिरलं. रशियन तपास २००४ मध्ये बंद करून बराच भाग गोपनीय ठेवला. २०१० मध्ये १० एप्रिलला सत्तराव्या स्मृतिदिनाला निघालेलं पोलिश राष्ट्राध्यक्षांचं विमान स्मोलेन्स्कला कोसळून ९६ जण गेले, त्याच वर्षी रशियाच्या संसदेने स्टालिनच्या आदेशाने हे झालं असं मान्य करणारा ठराव केला. आणि दहा वर्षांत त्वेरच्या पाट्या उतरल्या. मेदनोयेत पुरलेल्या ६ हजारांवर माणसांची चरित्रं जमवणारी मेमोरियल ही रशियन संस्था २०२१ च्या शेवटी कोर्टाने बंद करायला लावली. २०२२ मध्ये कातिन आणि मेदनोयेतले पोलिश झेंडे उतरवले, २०२५ मध्ये मेदनोयेतल्या स्मारकावरची पोलिश लष्करी पदकांची चिन्हं काढली.

तुरुंगात मारलेल्यांचं काम तर अजून अर्धवटच आहे. युक्रेनने १९९४ मध्ये ३,४३५ नावांची यादी दिली, त्यातल्या बऱ्याच जणांचं दफन कीवजवळच्या बिकिव्नियात झालं असावं असं मानतात, तिथे २०१२ ला स्मशान उघडलं. ७,३०५ मधून ही संख्या वजा केली की ३,८७० उरतात, ते बेलारूसच्या तुरुंगांतले. त्यांची यादी आजवर कुणी दिलेली नाही, त्यामुळे त्यांच्या नातवंडांना आजोबांचं नाव अधिकृत यादीत बघायला मिळालेलं नाही, पाटी तर दूरच.