दारिद्र्यरेषा (भारतातील)

दारिद्र्यरेषा : किमान गरजा भागविण्यासाठी लागणाऱ्या दरडोई मासिक खर्चाची ठरविलेली पातळी. तिच्या खाली असलेली लोकसंख्या दरिद्री गणली जाते. भारतात ही पातळी उत्पन्नावरून नव्हे, तर राष्ट्रीय नमुना पाहणीतील घरखर्चावरून काढतात. शेती, मजुरी वा किरकोळ धंद्यावर जगणाऱ्या कुटुंबाकडे उत्पन्नाचा हिशेब सहसा नसतो, खर्च मात्र विचारून काढता येतो.

कल्पनेचे जनकत्व बहुधा दादाभाई नौरोजींना दिले जाते. परदेशी जाणाऱ्या मजुरांना जहाजावर मिळणाऱ्या शिध्याच्या आधारे त्यांनी १८६७-६८ च्या किमतींना वर्षाकाठी दरडोई १६ ते ३५ रुपये निर्वाहखर्च दाखविला. मात्र नियोजनाचे साधन म्हणून रेषा आली ती नियोजन आयोगाच्या १९६२ च्या कार्यगटाबरोबर, असे मानणे अधिक सयुक्तिक. या गटाने १९६०-६१ च्या किमतींना दरमहा दरडोई २० रुपये हे किमान मानले आणि आरोग्य व शिक्षण शासन पुरवील असे धरून ते खर्च वगळले. ते गृहीत पुरे झाले नाही, तरी वगळणूक पुढील कित्येक आकड्यांत कायम राहिली. गरिबांच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नाही.

पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये रोजच्या २,२५० उष्मांकांचा (कॅलरींचा) निकष घेऊन ग्रामीण भागासाठी दरमहा १५ व नागरी भागासाठी २२.५० रुपये अशी रेषा काढली. १९६०-६१ मध्ये सुमारे ४० टक्के ग्रामीण आणि ५० टक्के नागरी जनता तिच्या खाली होती. नियोजन आयोगाच्या १९७९ च्या कृतिगटाने उष्मांक ग्रामीण भागासाठी २,४०० व नागरी भागासाठी २,१०० केले. यावर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचा आक्षेप मूलगामी होता : एकाच माणसाची उष्मांकांची गरज दिवसागणिक कमीजास्त होते आणि शरीर ती सावरून घेते, म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित ठरत नाही. हे मानले तर उपाशी ठरणाऱ्यांची संख्या पुष्कळच घटते. दांडेकरांना ते मान्य नव्हते. अंगमेहनत करणाऱ्याचे शरीर कमी अन्नावर तगते ते काम, वजन किंवा वाढ यांची किंमत देऊन, हा सुखात्म्यांच्या टीकाकारांचा मुद्दा अधिक ग्राह्य वाटतो.

पुढचा वाद प्रश्नावलीचा. गेल्या ३० दिवसांत तांदूळ, डाळ, तेल किती लागले असे विचारले की उत्तर कमी येते. गेल्या ७ दिवसांचे विचारून महिन्याचे काढले की जास्त. १९९४ ते १९९८ च्या छोट्या पाहण्यांत निम्म्या कुटुंबांना एक, निम्म्यांना दुसरा प्रश्न विचारला गेला, तेव्हा एवढ्या फरकाने दरिद्रींचे प्रमाण जवळपास अर्ध्यावर येत होते. १९९९-२००० मध्ये दोन्ही प्रश्न एकाच घरात, शेजारशेजारच्या रकान्यांत विचारले गेले. एक उत्तर दिल्यावर दुसरे त्याच्याशी जुळवून घेतले जाणे ओघानेच आले. त्यामुळे १९९३-९४ मधील ३६ टक्क्यांवरून २६.१ टक्के ही घट आधीच्या आकड्यांशी तुलनेस अपात्र ठरली.

सुरेश तेंडुलकर समितीने २००९ मध्ये उष्मांकांचा आधार सोडला, नागरी टोपली (रेषेवरील शहरी कुटुंबाच्या खर्चातील वस्तू व सेवा) तशीच ठेवून ती ग्रामीण भागालाही लावली. २००४-०५ चे ग्रामीण प्रमाण त्यामुळे २८.३ वरून ४१.८ टक्क्यांवर गेले. २०११-१२ साठी रेषा दरमहा दरडोई ग्रामीण ८१६ व नागरी १,००० रुपये, आणि देशातील प्रमाण २१.९ टक्के. सी. रंगराजन यांच्या तज्ज्ञ गटाने २०१४ मध्ये त्याच वर्षासाठी ९७२ व १,४०७ रुपये सुचविले. त्यानुसार प्रमाण २९.५ टक्के. त्याआधी, तेंडुलकर रेषेवरून रोजचे नागरी ३२ व ग्रामीण २६ रुपये पुरेसे असे नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात सांगितल्यावर २०११ मध्ये उठलेला क्षोभ रास्तच होता.

रेषेखालचा माणूस किती खाली आहे हे या प्रमाणातून कळत नाही. अमर्त्य सेन यांनी १९७६ मध्ये सुचविलेला निर्देशांक दारिद्र्याची खोली आणि दरिद्रींमधील विषमता या दोन्ही गोष्टी जमेस धरतो. रेषेवरच्यांमधील विषमतेचे भारतीय आकडेही बहुतेक खर्चाचेच असतात, आणि श्रीमंत उत्पन्नाचा मोठा भाग खर्चत नसल्याने ते सौम्य दिसतात.

रंगराजन अहवालानंतर नवी अधिकृत रेषा स्वीकारली गेलेली नाही. २०१७-१८ च्या खर्चपाहणीचे निष्कर्ष शासनाने रोखले. २०२२-२३ च्या पाहणीत एकाच घरी तीन वेगवेगळ्या भेटी देऊन माहिती घेतली गेली, त्यामुळे जुन्या आकड्यांशी थेट तुलना कठीण आहे.