दोन तलाव, एकच पाऊस

विहार आणि पवई हे दोन तलाव एकमेकांना इतके लागून आहेत की एकाच सरीचं पाणी दोघांतही पडतं. खडक तोच, काळा बसाल्ट. दोन्ही इंग्रजांच्या काळात मुंबईची तहान भागवायला बांधलेले. विहार १८६० मध्ये पुरा झाला, पवई १८९१ च्या सुमारास. विहारचं पाणी आजही शुद्ध करून घराघरांत जातं. पवई ५४५ कोटी लिटरांचा, दर पावसाळ्यात भरून वाहतो, त्याची बातमी येते आणि बातमीत न चुकता एक ओळ असते: हे पाणी पिण्यासाठी वापरलं जात नाही.

प्रयोगशाळेत असा प्रयोग मांडायचा म्हटलं तर किती खटपट करावी लागेल! इथे तो शंभराहून जास्त वर्षं आपोआप चालू आहे. पाऊस एक, दगड एक, फरक फक्त आजूबाजूच्या जमिनीचा. विहारचं पाणलोट क्षेत्र संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहे आणि तिथे माणसांना मोकळा शिरकाव नाही. पवईच्या भोवती इमारती, रस्ते, वस्त्या, गॅरेजं. पवई पाणीटंचाईत घाईने बांधला गेला, पुढच्याच वर्षी दूरच्या तानसा तलावाचं पाणी शहरात आलं आणि पवई मागे पडला. ज्या तलावाचं पाणी आपण पीत नाही त्याच्या काठाकडे आपलं लक्ष राहत नाही, असं मला वाटतं.

जंगलात पाऊस आधी पानांवर पडतो, मग पाचोळ्यावर, मग भुसभुशीत मातीत मुरतो. मातीचे कण फॉस्फरस धरून ठेवतात, मुळं नायट्रोजन उचलतात. तलावाला पाणी मिळतं ते सावकाश झिरपून आणि गाळून. सिमेंटवर पडलेल्या पावसाला असं थांबायला जागाच नसते. रस्त्यावरचं तेल, टायरांची भुकटी, जनावरांचं शेण, गटारातला मैला सगळं सोबत घेऊन तो दहा मिनिटांत तलावात. त्यात मैल्यातून आणि साबणाच्या फेसातून आलेला फॉस्फरस म्हणजे पाण्यातल्या वनस्पतींना खतच. एक ग्रॅम फॉस्फरसवर सुमारे शंभर ग्रॅम सुकं शेवाळ वाढू शकतं. जलपर्णी तर पोषण भरपूर असेल तर साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. पवईच्या काठावर तिची जांभळी फुलं बघून लोक फोटो काढतात. फुलं खरंच सुंदर असतात. त्या हिरव्या गालिच्याखाली मात्र ना ऊन पोचतं ना हवा.

आणि हवेशिवाय पाणी मरतं. प्रदूषण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विष येतं, रसायनं येतात. तीही असतात. पण मुंबईच्या नद्या आणि तलाव मुख्यतः मरतात ते श्वास कोंडून.

एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. तीस अंशाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात फार फार तर साडेसात मिलिग्रॅम मावतो. मासा जन्मापासूनच आपल्या पस्तिसाव्या हिश्शावर जगतो. त्या तुटपुंज्या साठ्यात मैला येऊन पडला की जिवाणू तो खायला लागतात. जिवाणूंचा यात काही दोष नाही, तेच तर पाणी साफ करतात. पण खाताना त्यांना ऑक्सिजन लागतो, आणि मैला जितका जास्त तितका ऑक्सिजन जास्त. हीच गरज मोजून पाण्याचा मळ ठरवतात, तिला जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी म्हणतात. आंघोळीच्या लायकीच्या नदीत ही मागणी लिटरला तीन मिलिग्रॅमच्या आत हवी आणि विरघळलेला ऑक्सिजन किमान पाच मिलिग्रॅम हवा.

आता एक साधा हिशोब करू. एका माणसाच्या एका दिवसाच्या मैल्याला आणि सांडपाण्याला कुजताना साधारण ५० ग्रॅम ऑक्सिजन लागतो, असं सांडपाणी केंद्रांची आखणी करणारे इंजिनिअर धरतात. लिटरला साडेसात मिलिग्रॅम या दराने ५० ग्रॅम ऑक्सिजन साठवायला साडेसहा हजार लिटरांहून जास्त स्वच्छ पाणी लागेल. सोसायटीत येणारा मोठा टँकर दहा हजार लिटरांचा असतो. एका माणसाचं एका दिवसाचं सांडपाणी त्या टँकरच्या दोन तृतीयांश पाण्यातला सगळा श्वास काढून घेतं. माणसाचं, कारखान्याचं नव्हे! मी वर्गात हा हिशोब फळ्यावर मांडते तेव्हा मुलं मागच्या बाकापर्यंत गप्प होतात.

मी कुर्ल्यात विज्ञान शिकवते. मिठी नदी शाळेपासून चालत दहा मिनिटांवर, आणि शाळेतल्या एकाही मुलाच्या घरी तिला नदी म्हणत नाहीत. 'नाला' म्हणतात. खरं तर मिठी विहारच्या बांधापाशी सुरू होते, पवईचं ओसंडलेलं पाणी तिला येऊन मिळतं, आणि फिल्टरपाडा, मरोळ, साकीनाका, विमानतळ, कुर्ला, धारावी असा जवळपास अठरा किलोमीटरांचा प्रवास करून ती माहीमच्या खाडीत जाते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा शहराला कळलं की ही नदी आहे.

गेल्या मार्चमध्ये नववीच्या मुलांना घेऊन मी तिच्यातला ऑक्सिजन मोजला. पद्धत जुनी, लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये काढलेली, म्हणजे पवई तलावाहूनही जुनी. काचेच्या बुचाची बाटली काठोकाठ भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही. तिच्यात मँगनीज सल्फेट घालायचं, मग अल्कली मिसळलेलं पोटॅशियम आयोडाइड. बूच लावून बाटली उलटीसुलटी करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर आत ढगासारखा तपकिरी साका उतरतो. जितका ऑक्सिजन जास्त, तितका रंग गडद. नळाच्या पाण्याच्या बाटलीत तपकिरी ढग उतरला तशी मुलांनी टाळ्या वाजवल्या. कुर्ल्याच्या पुलावरून दोरीच्या बादलीने मी काढलेलं पाणी दुसऱ्या बाटलीत होतं. ती धरून उभी असलेली मुलगी हळूच म्हणाली, "बाई, आमचं पांढरंच राहिलं."

पांढरंच राहणार होतं. मार्चमध्ये विहार ओसंडत नाही, पवईही नाही. मुंबईचा पाऊस चार महिन्यांचा. उरलेल्या आठ महिन्यांत मिठीला स्वतःचं पाणी जवळपास नसतंच. तिचं उगमाचं पाणी आपण १८६० पासून धरून ठेवलं आणि बदल्यात तिला आपलं सांडपाणी दिलं. कुर्ल्याच्या पुलाखालून मार्चमध्ये जे वाहतं त्यात मिसळून पातळ व्हायला नदीच उरलेली नाही.

ऑक्सिजन संपला म्हणून कुजणं थांबत नाही. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात. ते ऑक्सिजनऐवजी पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर टाकतात. सडक्या अंड्याचा वास तो हाच. पश्चिम रेल्वेने माहीम सोडून वांद्र्याकडे निघालं की डब्यातले लोक नाकाला रुमाल लावतात, तिथे खाडीच्या तोंडाशी भरतीचं समुद्राचं पाणी येतं, आणि समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं. एकीकडून मैला, दुसरीकडून सल्फेट. हाच वायू गाळातल्या लोखंडाशी मिळून काळा आयर्न सल्फाइड बनवतो. नाल्याचा गाळ डांबरासारखा काळा दिसतो तो त्यामुळे.

प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींचा प्रश्न मला इथेच जोडलेला दिसतो. प्लास्टर म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ते पाण्यात सहजी विरघळत नाही, आणि जेवढं विरघळतं तेवढं साचलेल्या, श्वास कोंडलेल्या तलावात त्याच जिवाणूंच्या हाती लागतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर घरच्या बादलीत करण्याजोगा उपाय दिला आहे: अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मूर्ती ठेवली की प्लास्टरचं कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि उरलेल्या पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे खत. शाडूची मूर्ती आणली तर एवढंही करावं लागत नाही.

माहीमच्या कोळीवाड्यात एका मावशींशी बोलत होते. त्या म्हणाल्या, "माझा सासरा इथंच जाळं टाकून बोय आणायचा. आता निवटी पन दिसत नाय." निवटी चिखलात राहते, पाण्याबाहेर येऊन हवेतूनही श्वास घेते. तीही दिसत नाही हे ऐकून मला काही सुचेना.

कारखान्यांना यातून मोकळं सोडायचं नाही. साकीनाका-कुर्ल्याच्या पट्ट्यात तेलाचे आणि रसायनांचे रिकामे पिंप धुतले जातात, भंगार वितळतं, आणि धुवण नदीत जातं. तेलाचा तवंग हवा आणि पाणी यांच्यामध्ये पडदा धरतो. शिसं, क्रोमियम यांसारखे जड धातू कुजत नाहीत, गाळात बसून राहतात. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्याला रस्त्यावरची कुत्री निळी झालेली सगळ्या देशाने पाहिली. पण निळं कुत्रं दिसतं म्हणून गवगवा होतो. विरघळलेला मैला डोळ्यांना दिसत नाही. नाल्याच्या तोंडाशी जाळी लावून प्लास्टिक अडवतात ते चांगलंच, मात्र ऑक्सिजन खाणारा माल त्या जाळीतून आरपार जातो.

हीच गोष्ट छोट्या प्रमाणात आपल्या नळाच्या आधीही घडते. भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी कित्येक मैलांवरून येतं, भांडुपसारख्या केंद्रात गाळून, तुरटी आणि क्लोरीनने शुद्ध होऊन निघतं. मग बिघडतं कुठे? आमच्या चाळीत एका पावसाळ्यात चार घरांत कावीळ झाली. प्लंबरने खणलं तर गटारातून गेलेला जुना लोखंडी पाइप वळणावर खाल्लेला. तो म्हणाला, "ताई, गटारातून पाइप नाही, पाइपातून गटार चाललंय." पाणी चालू असतं तेव्हा दाब आतून बाहेर असतो, भोकातून पाणी फक्त गळतं. पाण्याची वेळ संपली की पाइप रिकामा होतो, आतला दाब पडतो आणि गटाराचं पाणी त्याच भोकातून आत शिरतं. थेट लाइनला पंप लावला की ही ओढ आणखी वाढते, आणि ती फक्त पंपवाल्याच्या घरापुरती राहत नाही, शेजारच्यांच्या पाइपातही ओढली जाते. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा हलका वास येतो तो म्हणूनच दिलासा आहे. वाटेत मैला भेटला असता तर क्लोरीन तिथेच खर्ची पडला असता. आमच्याकडे तेव्हापासून पहिली बादली फरशीला जाते. पाइप गटाराबाहेरून, वरून घ्यायला सगळ्या चाळीने मिळून वर्गणी काढली, तेव्हा कावीळ थांबली.

मग नदीसाठी काय करायचं? मैला आणि पाणी यांची भेट होऊ द्यायची नाही, आणि झालीच तर मैल्याला नदीबाहेर ऑक्सिजन द्यायचा. सांडपाणी केंद्रात दुसरं काही होत नाही. १९१४ मध्ये मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी दाखवलं की सांडपाण्यात हवा फुंकत राहिलं आणि तळाशी बसलेला जिवाणूंचा साका पुन्हा पुन्हा वापरला तर नदीला जे काम करायला दिवस लागतात ते काही तासांत होतं. जगातली बहुतेक मोठी केंद्रं आजही याच तत्त्वावर चालतात. मुंबईत वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर अशा सात ठिकाणी नव्या केंद्रांची पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये झाली. सगळ्यांची मिळून क्षमता दिवसाला २४६ कोटी लिटरांहून जास्त. मिठीला मिळणाऱ्या बापट नाला आणि सफेद पूल नाल्याचं सांडपाणी बोगद्यातून धारावीच्या केंद्राकडे वळवण्याचं कामही महापालिकेने हाती घेतलं आहे.

केंद्र उभं राहिलं तरी वस्तीतला संडास मलवाहिनीला जोडलेला नसेल तर त्याचा मैला केंद्रापर्यंत जाणारच नाही, पावसाच्या नाल्यातूनच नदीत उतरेल. खरी अडचण या शेवटच्या शंभर मीटरमध्ये आहे. अरुंद गल्ल्यांत मोठी वाहिनी टाकता येत नाही तिथे छोटी केंद्रं हवीत. पवईच्याच काठावर, आयआयटी मुंबईत प्राध्यापक शंकर यांनी सॉइल बायोटेक्नॉलॉजी नावाची पद्धत विकसित केली. माती आणि दगडांच्या थरांवर सांडपाणी शिंपडायचं, ते झिरपत खाली येतं, थरांतले जिवाणू आणि गांडुळं मैला खातात, वर झाडं वाढतात. मोकळ्या थरांत हवा आपोआप खेळते, फुंकावी लागत नाही, त्यामुळे वीज कमी लागते. मला ही पद्धत आवडते कारण ती जंगलातल्या मातीचंच काम बागेएवढ्या जागेत करते. सोसायटीच्या कोपऱ्यात असं केंद्र झालं तर निघालेलं पाणी फ्लशला आणि झाडांना चालतं, आणि तेवढं भातसाचं पाणी वाचतं.

जुलैत विहार भरून वाहू लागला तेव्हा मुलांसोबत पुन्हा बाटल्या भरल्या. फिल्टरपाडा, मरोळ, साकीनाका, कुर्ला. खिडकीच्या कट्ट्यावर त्या ओळीने ठेवल्या. फिल्टरपाड्याची बाटली चहासारखी तपकिरी, मरोळची बरीच फिकी, साकीनाक्याची मळकट पांढरी, कुर्ल्याची जवळपास तशीच. मार्चमध्ये ज्या मुलीची बाटली पांढरी राहिली होती ती बराच वेळ मरोळ आणि साकीनाक्याच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघत होती. म्हणाली, "बाई, इथे मध्ये अजून दोन बाटल्या लागतील. नेमकं कुठे बदललं ते कळेल." पुढच्या शनिवारी आम्ही त्या भरायला जाणार आहोत.