ताशी ११५चा वेग आणि वावरातली गोलंदाज

भारताची वेगवान गोलंदाज झुलन गोस्वामी हिचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "पण स्पीड पुरुषांच्या मानाने कमीच ना." कमी होता, हे खरंच आहे. तिचा चेंडू ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या आसपास जायचा. पुरुषांचे वेगवान गोलंदाज १४० गाठतात. पण चेंडू हवेत वळवायचा, म्हणजे स्विंग करायचा असेल तर ११०-११५चा वेग भौतिकशास्त्राला फार मानवतो, हे या वादात कुणी सांगतच नाही.

चेंडूच्या शिवणीमुळे काय होतं ते पाहू. चेंडूला चिकटून हवेचा एक अतिशय पातळ थर वाहत असतो. शिवण साधारण २० अंश तिरकी धरली, तर ज्या बाजूला ती आडवी येते त्या बाजूचा थर तिला अडखळून खळबळतो. खळबळलेली हवा चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते. दुसऱ्या, गुळगुळीत बाजूचा शांत थर मात्र लवकर सुटतो. दोन्ही बाजूंच्या दाबात त्यामुळे फरक पडतो आणि शिवण जिकडे रोखलेली असते तिकडे चेंडू ढकलला जातो. हा फरक सर्वांत जास्त मिळतो तो ताशी साधारण ११०-११५ किलोमीटरला. वेग त्याहून बराच वाढला की गुळगुळीत बाजूची हवाही आपोआप खळबळू लागते, दोन्ही बाजू सारख्या होतात आणि स्विंग ओसरतो. १४०च्या तोफखान्याला नव्या चेंडूवर जे सहज मिळत नाही, ते झुलनच्या वेगाच्या पट्ट्यात बसून मिळतं. शिवाय महिलांचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा, म्हणजे पुरुषांच्या चेंडूपेक्षा हलका, तेवढ्याच जोराने जास्त सरकणारा.

शिवण हवेत डगमगली तर मात्र सगळं मुसळ केरात. म्हणून तर्जनी आणि मधलं बोट शिवणीच्या दोन बाजूंना, अंगठा खाली, मनगट चेंडूच्या मागे सरळ, आणि सुटताना बोटांनी मागच्या दिशेने फिरकी. सेकंदाला अकराएक फेरे मिळाले की शिवण भोवऱ्यासारखी स्थिर राहते.

आता बॅट धरणाऱ्या मुलीच्या बाजूने बघा. ११५च्या वेगाने सुटलेला चेंडू तिच्यापर्यंत यायला जेमतेम ०.५५ सेकंद लागतात. त्यातले शेवटचे ०.२ सेकंद हातातून गेलेलेच. तेवढ्या वेळात डोळ्यांनी पाहून बॅटची दिशा बदलणं माणसाला जमत नाही. बाजूचा जोर वाटभर सारखाच राहिला तरी चेंडूचं वळण वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातं. त्यामुळे पुढे टाकलेल्या चेंडूत निम्म्याहून जास्त वळण या शेवटच्या ०.२ सेकंदांत उरकतं. 'लेट स्विंग' म्हणतात त्याचा मोठा भाग हाच. "पोरीची बॉल म्हणून हलकी घेतली अन् दांडी गुल झाली ना बाप्पा!" असं कुणी म्हणालं तर त्यामागे हे गणित असतं.

झुलनने ते २० वर्षं वापरलं. पश्चिम बंगालमधल्या नदिया जिल्ह्यातलं चाकदहा हे तिचं गाव. तिथून लोकल गाडीने कोलकात्याला सरावाला जाणं-येणं. १९९७च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ती ईडन गार्डन्सवर बॉल गर्ल होती. जानेवारी २००२मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध पदार्पण, २००६मध्ये टाँटनच्या कसोटीत ७८ धावांत १० बळी, २००७मध्ये आयसीसीची वर्षातली सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू. वनडेत २०४ सामन्यांत २५५ बळी. सप्टेंबर २०२२मध्ये लॉर्ड्सवरच्या शेवटच्या सामन्यातही, ३९व्या वर्षी, १० षटकांत ३० धावा देऊन २ बळी.

आपल्या विदर्भातल्या पोरींना हे कसं जुळतं? नागपूरची मोना मेश्राम आणि अमरावतीची भारती फुलमाळी भारताकडून खेळल्या, पण दोघींची ओळख मुख्यतः बॅटिंगची. खेड्यातल्या पोरीच्या हाती पहिल्यांदा येतो तो टेनिस बॉल. त्याला उठावदार शिवण नसते आणि चारी बाजूंनी सारखी लव असते, म्हणून तो असा वळत नाही. ती जोर लावायला शिकते, शिवण धरायला नाही. नागपूरजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव विशीपर्यंत टेनिस बॉलवरच खेळला आणि तरी भारतापर्यंत पोचला, पण त्याच्याकडे १४०चा वेग होता. ज्या मुलीची कमाल ११०ची आहे, तिच्यासाठी लेदर बॉल चार-पाच वर्षं आधी मिळणं जास्त मोलाचं.

हवेचंही थोडं. १५ अंशांच्या इंग्लिश सकाळपेक्षा चंद्रपूरच्या ४५ अंशांतली हवा सुमारे एक दशांशाने विरळ असते, तेवढाच बाजूचा जोर कमी. नवतपात, मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी कुणी शहाणं खेळत नाही म्हणा, पण सकाळी लवकर सराव ठेवायला ऊन हे एकच कारण नाही. बाकी "दमट हवेत चेंडू जास्त वळतो" हे आपण ठामपणे बोलतो खरं, पण प्रयोगांतून त्याला पक्का आधार मिळालेला नाही.

खाली काळी माती. तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते, वाळली की आकसून भेगाळते. कापूस निघाल्यावर पऱ्हाटी उपटून सपाट केलेल्या वावरात चेंडू टप्पा पडून संथ आणि खाली येतो. तिथे उसळीवर विसंबणारी गोलंदाज उपाशी राहील. यष्ट्यांच्या रोखाने पुढे टाकणारी खाईल.

खरी जोखीम शरीराची आहे. चेंडू सोडताना पुढचा पाय आपटतो तेव्हा त्यावर शरीराच्या वजनाच्या पाचपटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त जोर येतो. पुरुष गोलंदाज तो ताठ पुढच्या पायाने वेगात बदलून घेतात. इंग्लंडमधल्या लफबरा विद्यापीठातल्या अभ्यासात असं दिसलं, की महिला गोलंदाज कंबर आणि खांद्यांच्या पिळातून तुलनेने जास्त वेग काढतात. म्हणजे मुलांचे व्हिडिओ दाखवून "अशीच टाक" म्हणणारा कोच अर्धंच शिकवतो. वाढत्या वयात पाठीच्या खालच्या मणक्यांना बारीक तडे जाणं हा वेगवान गोलंदाजांचा ठरलेला आजार. त्यात पोट अर्धं असेल तर हाडं आणखी कच्ची राहतात. सराव वाढल्यावर पाळी थांबली तर ते कौतुकाचं नाही, अन्न कमी पडत असल्याचं लक्षण असू शकतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तात लोह नसेल तर दहाव्या षटकात रनअप आपोआप आखूड होतो. आपल्या भागात सिकलसेल हा रक्तपेशींचा आनुवंशिक आजारही आहे, म्हणून जोराचा सराव सुरू करण्याआधी ती तपासणी करून घ्यावीच.

आणि चेंडू मोजावेत. शाळा, तालुका, क्लब अशा तीन टीमकडून खेळणाऱ्या मुलीने आठवड्यात एकूण किती चेंडू टाकले, हे तिन्ही कोचना वेगवेगळं माहीत असतं, बेरीज कुणाकडेच नसते. झुलनने फक्त वनडेत १०,००५ चेंडू टाकले, तेही २० वर्षांत पसरून. चौदा वर्षांच्या पोरीच्या वहीत ही बेरीज रोज लिहायला तिच्या आईलाही जमेल.