उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची नेमणूक

उच्च न्यायालयावर न्यायाधीश निवडून त्यांना कायम करण्याची पद्धत, आणि तीत अखेरचा शब्द कोणाचा यावरून न्यायसंस्था व शासन यांच्यात चालत आलेली ओढाताण. येथे मुख्यतः पुण्याशी संबंधित प्रसंगांचा विचार केला आहे.

१८६१ च्या उच्च न्यायालय कायद्याने किमान एक तृतीयांश जागा बॅरिस्टरांना व तितक्याच सनदी नोकरांना राखल्या. वकील व कनिष्ठ न्यायाधीश यांना उरलेल्यांतच वाव होता. कायम नेमणूक राजाज्ञेने होई, हंगामी नेमणूक प्रांतिक सरकार करी. नानाभाई हरिदास मुंबई उच्च न्यायालयात १८७३ पासून हंगामी न्यायाधीश म्हणून काम करत. कायम झाले ते १८८४ मध्ये.

महादेव गोविंद रानडे १८७१ मध्ये पुण्यात दुय्यम न्यायाधीश म्हणून आले. सार्वजनिक सभेतील त्यांचे कार्य सरकारला खटकत होते. १८७८ मध्ये त्यांची नाशिकला बदली झाली. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या काळात, मे १८७९ मध्ये, पुण्यात बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांना आगी लागल्या. त्याच सुमारास रानडे यांना धुळ्यास पाठवण्यात आले. तेथे त्यांचे टपाल फोडून तपासले जाई व बंडवाल्यांच्या नावे बनावट पत्रे येत. ती ते पोलिसांकडे धाडत, असे रमाबाई रानडे यांच्या आठवणींवरून दिसते. उच्च न्यायालयावर त्यांची नेमणूक १८९३ च्या अखेरीस, काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनानंतर झाली. हा विलंब सरकारच्या रोषामुळे झाला, असे सामान्यतः मानतात. तथापि १८८५ मध्येच त्यांना मुंबई कायदेमंडळावर घेतले होते. शिवाय नानाभाईंनंतर तेलंग, तेलंगांनंतर रानडे हा क्रम पाहता एतद्देशीयांना जागाच अपुऱ्या होत्या, हे कारण अधिक सबळ वाटते. १८८९ मध्ये तेलंगांची निवड झाली तेव्हा रानडे मागे का राहिले, याचा उलगडा मात्र त्याने पुरता होत नाही.

संविधानाच्या अनुच्छेद २१७ नुसार राष्ट्रपती नेमणूक करतात. अनुच्छेद २२४ खाली अतिरिक्त न्यायाधीश जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी नेमता येतात. हंगामीपणाचा जुना प्रश्न येथे पुन्हा उभा राहिला. दिल्लीचे अतिरिक्त न्यायाधीश एस. एन. कुमार यांना मुदतवाढ द्यावी, असे सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांचे मत होते. चंद्रचूड पुण्याचे, येथील विधी महाविद्यालयात शिकलेले. दिल्लीच्या मुख्य न्यायमूर्तींचे मत उलट होते. सरकारने तेच मानले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर १९८१ च्या बहुमताच्या निकालाने ते ग्राह्य ठरले. त्याच न्यायालयाच्या १९९३ च्या निकालाने सरन्यायाधीशांच्या मताला प्राधान्य देऊन न्यायवृंद पद्धत, म्हणजे सरन्यायाधीश व ज्येष्ठ न्यायाधीशांच्या गटाने नावे सुचवण्याची पद्धत, आणली. तिच्या जागी आणलेला राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग २०१५ मध्ये चार विरुद्ध एक मताने रद्द झाला. न्यायवृंदाने फेरशिफारस केलेले नाव सरकारवर बंधनकारक असले, तरी ते प्रलंबित ठेवण्याची वाट उरतेच. न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्याला हा विलंब उघड नकाराइतकाच घातक आहे.

पुण्यात खंडपीठ असावे, असा ठराव विधानसभेने १९७८ मध्ये केला होता. त्यात औरंगाबादचेही नाव होते. तेथे १९८१ मध्ये काम सुरू झाले. कोल्हापुरास २०२५ मध्ये फिरते खंडपीठ मिळाले. पुण्याची मागणी कायम आहे. खंडपीठाअभावी शिवाजीनगर न्यायालयातील वकिलांचे काम निवड करणाऱ्यांच्या नजरेस क्वचितच येते.