ग्राम आरोग्य सेविका (जामखेड)

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970 मध्ये समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाने निवडलेली आणि गावातच राहून आरोग्याचे काम पाहणारी या प्रकल्पातील स्त्री म्हणजे ग्राम आरोग्य सेविका.

ही कल्पना अडचणीतून सुचली. आधी परिचारिका खेड्यांत पाठवून पाहिल्या. पण परक्या गावात एकटीने राहणे त्यांना जड जाई आणि गावही त्यांच्यापाशी मोकळे होत नसे. मग गावातल्याच बायांना शिकवायचे ठरले. त्यांतल्या अनेकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. चारचौघांत स्वतःचे नाव सांगतानाही ज्यांची मान खाली जाई, त्यांना गावाला चार गोष्टी सांगायच्या होत्या. त्यामुळे धीट होणे हाच प्रशिक्षणाचा पहिला आणि बहुधा सर्वांत अवघड धडा होता. सेविका ठरलेल्या दिवशी जामखेडला जमत. तिथे सगळ्या जातींच्या बायका एका पंगतीला जेवत. त्या काळी हेही सोपे नव्हते.

काम साधे, पण चिकाटीचे. जुलाब लागलेल्या लेकराचे पाणी तोडायची रीत घरोघरी होती. सेविका लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ आणि मूठभर साखर घाली, आधी स्वतः चाखून बघे, मग वाटी-चमचा आईच्या हाती देई. लेकराला पाणी आईनेच पाजायचे, म्हणजे पुढच्या खेपेला सेविकेची वाट पाहावी लागत नाही. बाळंतपणाला स्वच्छ पाते, दोरा, साबण. अवघडलेली बाई वेळेत जामखेडच्या दवाखान्यात पोचवणे, हेही तिच्याकडेच.

1971 मध्ये प्रकल्पाच्या गावांत हजार जन्मांमागे 176 अर्भके दगावत. 1976 पर्यंत हा आकडा 52 वर आला. अर्थात, हे श्रेय एकट्या सेविकांचे नाही. दुष्काळात घेतलेले पाण्याचे बोअर, शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे यांचाही त्यात वाटा आहे. हातपंप मुद्दाम दलित वस्तीत बसवल्याने सगळ्या गावाला पाण्यासाठी तिथे यावे लागले.

येथील खरा बदल डॉक्टरांनाही करावा लागला. निदान आणि औषधाची माहिती स्वतःपाशी न ठेवता ती निरक्षर बाईच्या हाती सोपवायची आणि तिने चार लोकांत आपली चूक दाखवली तर ऐकून घ्यायचे. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो समाजनेतृत्वासाठी. त्या नेतृत्वातला मोठा भाग असा मागे सरकण्याचाच होता.

2005 मध्ये सुरू झालेल्या सरकारी ‘आशा’ योजनेने गावातलीच बाई निवडण्याचे तत्त्व उचलले. मात्र तिथे आठवीपर्यंतच्या शिक्षणाची (उमेदवार न मिळाल्यास शिथिल होणारी) अट आली. जामखेडच्या पहिल्या सेविकांपैकी अनेकींची निवड या अटीवरच अडली असती.