पळायच्या आधी पाय ताणून बसू नका

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पुण्यात पहाटे तळजाईला नाहीतर सणस ग्राउंडला दिसतात, त्यातली बरीचशी आल्या आल्या खाली बसतात, पायाचे अंगठे पकडतात, मिनिट-दीड मिनिट तसंच धरून ठेवतात आणि उठून लगेच १०० मीटर मारतात. कोणीतरी सांगितलेलं असतं की स्ट्रेचिंग केलं की पाय मोकळे होतात. पण भरतीत १०० मीटरला १५ मार्क आणि गोळाफेकीला १५, म्हणजे मैदानी ५० पैकी ३० मार्क निव्वळ झटक्याच्या ताकदीवर आहेत, आणि नेमकी तीच ताकद अशा ताणाने थोडा वेळ कमी होते.

कॅनडात २००० साली एक प्रयोग झाला होता. लोकांच्या पोटऱ्या अर्धा तास थांबून थांबून ताणल्या आणि लगेच ताकद मोजली तर ती तब्बल २८ टक्के घटली होती, एक तासानंतरही ९ टक्के कमीच. आता अर्धा तास पोटरी ताणत कोणी बसत नाही हे मान्य, पण पुढे बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा चित्र साफ झालं: एकच स्नायू ६० सेकंद किंवा जास्त ताणून धरला तर कामगिरी सरासरी साडेचार टक्क्यांच्या आसपास घसरते, त्याहून कमी वेळ धरला तर जेमतेम एक टक्का. म्हणजे १५-२० सेकंद ताणलं तर घाबरायचं काही कारण नाही, प्रॉब्लेम आहे तो लांबलचक धरून ठेवण्याचा.

असं का होतं? मुख्य कारण स्नायूत कमी आणि नसांमध्ये जास्त असावं असं दिसतं. स्नायू जोर लावतो तो मेंदू आणि मणक्यातून येणाऱ्या सिग्नलवर, आणि खूप वेळ ताणल्यावर हा सिग्नल काही काळ मंदावतो, स्नायू आहे तेवढाच असतो पण पूर्ण कामाला लागत नाही. दुसरं म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा कंडरा. उडी मारताना किंवा स्टार्ट घेताना स्नायूचा जोर कंडऱ्यातूनच हाडापर्यंत जातो, तो सैल पडला तर सैल दोरीने बादली ओढल्यासारखं होतं, आधी ढिल निघणार मग बादली हलणार, आणि १०० मीटरच्या स्टार्टला तेवढा वेळ कुठे असतो.

मग दुखापत टळते त्याचं काय, असं लगेच विचारतात. ऑस्ट्रेलियात सैन्यात नव्याने भरती झालेल्या १,५३८ जणांवर हेच तपासलं होतं, व्यायामाआधी पायांचं स्ट्रेचिंग करणारे आणि न करणारे असे दोन गट, आणि पायाच्या दुखापतींत सांगण्यासारखा फरक निघाला नाही. दुसऱ्या दिवशी अंग दुखतं तेही यामुळे फारसं कमी होत नाही.

करायचं काय तर अंग हलवत गरम करायचं. पाच-दहा मिनिटं हळू जॉगिंग, मग पाय पुढे-मागे झुलवणे, चालत लंजेस (एक पाय लांब पुढे टाकून गुडघे वाकवणे), गुडघे वर उचलत पळणे, शेवटी दोन-तीन छोटे स्प्रिंट वेग वाढवत. अशा हलत्या स्ट्रेचिंगने ताकद घटत नाही, उलट किंचित वाढलेली दिसते, कारण स्नायूचं तापमान वाढतं आणि नसाही जाग्या होतात. आपल्या तालमीत सपाट्या आणि बैठकांनी अंग तापवायची पद्धत आहे ती मला म्हणूनच फार शहाणपणाची वाटते.

बसून ताणायचं ते प्रॅक्टिस झाल्यावर किंवा संध्याकाळी घरी करा, लवचिकता तेव्हाही वाढतेच. जिम्नॅस्टिक किंवा मल्लखांब करणाऱ्यांना मात्र आधीच पूर्ण वाक लागतो, त्यांनी ताणून झाल्यावर लगेच सेट सुरू न करता थोड्या उड्या, थोडं पळणं असा हलता वॉर्मअप मध्ये घालावा, त्याने गेलेली ताकद बहुतेक सगळी परत येते.