नेवार्कला उतरून लगेच नायगारा? आधी बडोद्याचं घड्याळ बघा

माझ्या मावसभावाने मागच्या आठवड्यात फॅमिली ग्रुपवर अमेरिकेचा प्लॅन टाकला आणि पहिल्या दिवसाची लाइन वाचून मी त्याला सरळ फोनच लावला. सकाळी साडेसहाला नेवार्कला लँडिंग, नऊला भाड्याची गाडी, संध्याकाळी पाचपर्यंत नायगारा. म्हणजे जवळजवळ साडेसहाशे किमी. त्याचं म्हणणं, "अगं ताई, तिथले रस्ते केवढे मस्त आहेत, आपल्या भरूचसारखा ट्रॅफिक नाही, आणि मला विमानातून उतरल्यावर झोप येतच नाही, एकदम फ्रेश असतो मी."

हे शेवटचं वाक्य अगदी खरं आहे आणि मला भीती त्याचीच वाटते.

आपल्याला झोप कधी येणार हे दोन गोष्टी मिळून ठरवतात, हे मॉडेल झोपेचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडलं. एक म्हणजे झोपेचा दाब. आपण जितका वेळ जागे तितकं मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, आणि झोपलो की ते हळूहळू ओसरतं. दुसरं म्हणजे मेंदूतलं घड्याळ, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर साधारण वीस हजार पेशींचा एक छोटासा पुंजका आहे, तो दिवस-रात्रीचा हिशोब ठेवतो आणि डोळ्यांत येणाऱ्या उजेडावरून स्वतःला जुळवत राहतो, पण जुळवतो फार सावकाश, ढोबळ हिशोबाने एका टाइम झोनला एक दिवस.

बडोदेकरांना हे आपल्या आजवा धरणावरून पटकन कळेल. पावसाळ्यात आपण सगळे आजव्याची लेव्हल किती झाली हे बघत बसतो ना, तसं दिवसभर अ‍ॅडेनोसिनचं पाणी चढत असतं. मग आपण संध्याकाळी सातलाच का नाही पेंगत? कारण घड्याळ तेव्हा दरवाजे घट्ट धरून ठेवतं. संध्याकाळच्या या तासांत जागं ठेवणारा सिग्नल सगळ्यात जोरात असतो. इस्रायलचे झोपेचे संशोधक पेरेट्झ लावी यांनी लोकांना दर वीस मिनिटांतली सात मिनिटं झोपायचा प्रयत्न करायला लावलं आणि तेरा मिनिटं जागं ठेवलं, असं तासन् तास, आणि १९८६ साली दाखवून दिलं की रात्रभर जागरण झालेल्या माणसालाही नेहमीच्या झोपेच्या आधीच्या दोन-तीन तासांत झोप लागणं कठीण जातं. मग रात्री नऊ-दहाच्या सुमाराला मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचा निरोप देणारं हार्मोन, वाढायला लागतं, घड्याळ हात सोडतं, आणि आजव्याचे ६२ दरवाजे उघडल्यावर विश्वामित्री नदीचं जे होतं तेच आपल्या डोळ्यांचं होतं.

आता भावाचा प्लॅन घ्या. बडोद्यात सकाळी सातला उठला, दुपारची ट्रेन पकडून मुंबई, चेक-इन, सिक्युरिटी, रात्री साडेबाराची फ्लाइट, साडेपंधरा तास. विमानात झोप म्हणाल तर दोन-तीन तास, तीही मान वाकडी करून, तुटक तुटक. केबिनमधला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितकाच असतो आणि हवा कोरडी, त्यामुळे ती झोप घरच्यासारखी होत नाही. नेवार्कला उतरला तेव्हा तिथे सकाळचे साडेसहा, उन्हाळा धरून आपल्याकडे दुपारचे चार. नऊला गाडी स्टार्ट केली तेव्हा त्याच्या मेंदूत बडोद्याची संध्याकाळ, साडेसहा वाजलेत. म्हणजे नेमकी ती फ्रेश वाटायची वेळ! पाणी काठोकाठ आलंय पण दरवाजे बंद आहेत म्हणून कळत नाही. दुपारी बारापर्यंत मेंदूत रात्रीचे साडेनऊ, तेव्हा हा पेन्सिल्व्हेनियाच्या डोंगरात कुठेतरी इंटरस्टेट हायवेवर, लखलखीत ऊन, मुलं मागे लीलो चिवडा खातायत. तीनला मेंदूत साडेबारा आणि पाचला, नायगाराच्या दारात, रात्रीचे अडीच. बडोद्यात उठल्यापासून साडेत्रेचाळीस तास झालेत. बाहेर ऊन आहे म्हणून आपल्याला ही मध्यरात्र दिसतच नाही.

ऑस्ट्रेलियातले संशोधक डॉसन आणि रीड यांनी १९९७ साली मोजून पाहिलं, सलग १७ तास जागं राहिलं की हात-डोळ्यांचा ताळमेळ रक्तात ०.०५ टक्के दारू असल्याइतका घसरतो, २४ तासांनी साधारण ०.१० टक्के. भारतात गाडी चालवायची मर्यादा ०.०३ आहे. आमच्या घरात कोणी दारूला हात लावत नाही, आणि तरी हा प्लॅन सगळ्यांनी अंगठे दाखवून पास केला होता, हे मला खरंच लागलं. तो उतरणार त्या न्यू जर्सीत तर २००३ पासून कायदाच आहे, मॅगीज लॉ, चोवीस तासांहून जास्त सलग जागं राहून गाडी चालवली आणि कोणाचा जीव गेला तर तो बेदरकारपणाचा पुरावा धरता येतो. १९९७ साली अशाच एका न झोपलेल्या ड्रायव्हरमुळे गेलेल्या वीस वर्षांच्या मुलीचं नाव त्याला दिलंय.

आणि धोका पूर्ण झोप लागण्याचा असतो असं नाही. मायक्रोस्लीप, म्हणजे काही सेकंद मेंदू बंद, कधीकधी डोळे उघडे असतानासुद्धा. ताशी १०५ किमीला गाडी सेकंदाला २९ मीटर जाते, चार सेकंदांत ११६ मीटर, कोणीच चालवत नसताना. मस्त रस्ता इथे उलट काम करतो, खड्डा नाही, गाय नाही, हॉर्न नाही, वेग आपोआप धरून ठेवणारं क्रूझ कंट्रोल लावलेलं, मेंदूला जागं ठेवायला काहीच नाही, त्यात तिथे उजव्या बाजूने चालवायचं म्हणजे जी सवय आपल्या हाडात आहे ती प्रत्येक वळणावर दाबायला ताजं डोकं लागतं.

काच खाली कर, गाणी मोठ्याने लाव, हे उपाय फार थोडा वेळ टिकतात. कॉफी काम करते कारण कॅफिन अ‍ॅडेनोसिनच्या जागा अडवून बसतं, पण पाणी ओसरत नाही, फक्त दिसेनासं होतं, आणि असर यायला अर्धा तास लागतो. म्हणून रस्त्यात पेंग आलीच तर रेस्ट एरियात थांबून कॉफी पिऊन लगेच वीस मिनिटं झोपायचं, उठेपर्यंत कॅफिन चढलेलं असतं, मग थोडं चालून यायचं. हे पुढचं मुक्कामाचं ठिकाण गाठण्यापुरतंच, साडेसहाशे किमीसाठी अजिबात नाही. आणि वहिनी गाडी लागू नये म्हणून घेतात त्या गोळीने गुंगी येते, तेव्हा ती घेतल्यावर "तू चालव थोडा वेळ" हा पर्याय पण गेला.

फोनवर पाऊण तास घालवून नवीन प्लॅन केला. पहिली रात्र नेवार्कजवळच्या एडिसनला काकांकडे, गाडी दुसऱ्या दिवशीपासून बुक. पहिल्या दिवशी दुपारी उन्हात फिरायचं, रात्री आठपर्यंत ताणायचं आणि आडवं व्हायचं. पहाटे तीन-चारला डोळे टक्क उघडणार हे नक्की, कारण मेंदूत अजून बडोद्याची दुपार चालू असेल, तर त्याचाच फायदा घ्यायचा, साडेपाचला निघायचं, दोन थांबे घेऊन दुपारी एकपर्यंत नायगारा, म्हणजे बडोद्याचे रात्रीचे साडेदहा वाजायच्या आत गाडी पार्क.